जनार्दनने फोटो विकला नाही

जनार्दन गेल्याची बातमी फोटोग्राफरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली आणि पाठोपाठ जोडलेल्या हातांची रांग लागली. ‘गोड माणूस गेला’ असं लिहिणाऱ्यांत त्याला मागून खडूस म्हणणारेच जास्त होते. जनार्दन गोड नव्हताच. भांडखोर होता, आणि मला तो तसाच आवडायचा.

मी कामोठ्यात पाकिटांची डिझाइन करते. पावण्यातल्या एका कारखान्याला मासळीच्या मसाल्यासाठी चेहरा हवा होता, म्हणून मीच जनार्दनला तिथे नेलं. त्याने दिला तो स्वतःच्या आईचा फोटो... दिवाळे गावच्या जेट्टीवर टोपलीमागे बसून खळखळून हसणाऱ्या सखूमावशी. करार सरळ होता : फोटो फक्त पाकिटावर, तोही वर्षभर. आणखी कुठे वापरायचा तर किंमत वेगळी. मालकांनी न वाचताच सही ठोकली. काही महिन्यांत मावशी कारखान्याच्या टेम्पोंवर आणि हायवेच्या होर्डिंगवर झळकू लागल्या.

जनार्दन मला घेऊन थेट केबिनमध्ये घुसला.

“फोटो आम्ही विकत घेतलाय,” मालक म्हणाले.

“विकत नाय, भाड्याने. एका खोलीचं भाडं भरून अख्खी चाळ वापरता?”

“अरे, तुझ्या आईचीच फुकट जाहिरात होतेय ना!”

“फुकट तुमची होतेय, शेठ.”

वकिलाची नोटीस गेली. होर्डिंग उतरलं, टेम्पो रंगवले गेले. त्यानंतर त्या पट्ट्यातल्या एकाही कारखान्याने जनार्दनला काम दिलं नाही. मालकांनी तशी तजवीजच केली होती. पण त्याला खरं लागलं ते घरी. मावशी त्याच्याशी बोलेनाशा झाल्या. “सगला गाव बघत व्हता मना गाडीवर,” त्या माझ्यादेखत म्हणाल्या, “यानं पुसून टाकला.” कुणालाही न जुमानणारा तो माणूस खाली मान घालून बसला...

मग एके दिवशी त्याचं हृदयच बंद पडलं. तेरावं उरकल्यावर कारखान्याचा मॅनेजर हार घेऊन घरी आला. मी तिथेच होते.

“जनार्दनच्या आठवणीत आईंचा फोटो परत गाड्यांवर लावतो म्हणतात मालक. पैशाचा विषय नको, भावनेचा आहे. फक्त इथे अंगठा द्या.”

कागदावर लिहिलं होतं : सर्व हक्क, कायमचे. तो कागद त्याच्या तोंडावर भिरकावावा असं मला वाटलं. मी तो मावशींना वाचून दाखवला.

मावशी म्हणाल्या, “गाडीवर मना आवडतंय. पन फोटो माज्या पोराचा हाय. किती दिस लावनार, काय देनार, ता लिवून आना.”

“विचारून सांगतो,” म्हणून तो गेला, तो पुन्हा फिरकला नाही. हार मात्र ठेवून गेला. मावशींनी तो जनार्दनच्या फोटोला घातला नाही.

परवा जेट्टीवर गेले होते. कुणी हौशी माणूस न विचारता मावशींसमोर कॅमेरा रोखून उभा होता. त्यांनी पुढे होऊन लेन्सवर हात ठेवला आणि थेट जनार्दनच्या चढ्या आवाजात विचारलं, “कशाला पायजे, ता आदी सांग.”