एकदा जज तो कायमचा जज

आमच्याकडे पद जातं, पण हाक जात नाही. एकदा शेरीफ झालेला माणूस मरेपर्यंत शेरीफ, एकदा सिनेटर झालेला थडग्यावरही सिनेटर. सुंभ जळला तरी पीळ कायम. विधानभवनासमोरच्या ज्या हॉटेलात मी अंडी तळतो, तिथे कॉफी वाढणारी व्हर्ना स्टकी या पिळावरच टिप मिळवायची. "शेरीफ, आणखी ओतू?" म्हटलं की कधीचा निवृत्त झालेला म्हातारा फुगायचा आणि बशीखाली नोट सरकवायचा.

व्हर्नाची मुलगी लोरीन नवऱ्याच्या मारझोडीला कंटाळून कोर्टात गेली होती. त्याला माझ्या घरापासून लांब ठेवा, एवढंच तिचं मागणं. समोर जज ऑल्टन क्रीझी, आणि नवरा त्याच्याबरोबर हरणं मारायला जाणारा. "घरचं भांडण घरात मिटवावं, पोरी," असं हसत म्हणून क्रीझीने अर्ज फेटाळला. आठवड्याच्या आत नवऱ्याने लोरीनला संपवलं. तो तुरुंगात गेला आणि लोरीनची छोटी मुलगी डेला व्हर्नाच्या पदरात आली.

मग कळलं, मित्रांसाठी क्रीझीने असे बरेच अर्ज फेकले होते. खालच्या सभागृहाने महाभियोग लावला. खटला वरच्या सभागृहापुढे, म्हणजे राज्याच्या सिनेटपुढे, चालायचा होता. दोषी ठरला तर खुर्ची जाणार होतीच, शिवाय ती पुन्हा कधीच मिळू नये, असंही सिनेटला ठरवता आलं असतं. व्हर्नाला हवं होतं ते हेच दुसरं. कारण जावयाची आई डेलाचा ताबा मागत होती, आणि अशा प्रकरणांचं कोर्ट गावात एकच, क्रीझीचं.

साक्षीच्या दिवशी ती नवा निळा ड्रेस घालून सिनेटमध्ये बसली. शेजारी मी. तर काय, क्रीझीने त्याच सकाळी राजीनामा पाठवलेला! सिनेटर बेकविथ उठला, हातात घटनेची छोटी प्रत.

"महाभियोग पदावरच्या माणसासाठी असतो. हे गृहस्थ आता जज नाहीत, साधे नागरिक आहेत. खुर्चीतून काढायचं कोणाला?"

"मग उद्या प्रत्येक जण असाच राजीनामा देऊन सुटेल, त्याचं काय?" मागून कोणीतरी विचारलं. हात वर झाले, खटला खलास.

पुढच्याच सोमवारी क्रीझी आणि बेकविथ दोघे आमच्याकडे पॅनकेक खायला हजर.

"जज, ते सिरप सरकवा जरा," बेकविथ म्हणाला.

व्हर्ना किटली घेऊन उभी होती. "कोणाला म्हणालात, सिनेटर?"

"अगं, जज साहेबांना."

"ते जज नाहीत, असं तुम्हीच सांगितलंत की! नवा ड्रेस घालून ऐकलंय मी."

"ते कायद्याचं बोलणं गं. हे आपलं रीतीचं."

"बरं. मिस्टर क्रीझी, कॉफी?"

क्रीझी उकडलेल्या बीटासारखा लाल झाला. "मला जज म्हणतात, व्हर्ना."

"सिनेटचा शब्द कसा मोडू, मिस्टर क्रीझी?"

आत मी उलथनं आपटून हसलो. त्यानंतर तिने तो शब्द त्याच्यासाठी कधी तोंडातून काढला नाही. टिप बुडाली, मालकाने दम दिला, तरी नाही.

मग निवडणूक आली; आमच्याकडे जजही मतांनीच निवडतात. फलकावर 'जज क्रीझींना मत द्या'. लोकांनी दिलं! माझ्याच गावाची मला किळस आली. व्हर्ना तडक बेकविथकडे गेली.

"आता आहेत ना जज? मग चालवा खटला."

"आधीच्या कारकिर्दीतलं आता काय उकरायचं? लोकांनी कौल दिलाय, व्हर्ना."

"पदावर नव्हते म्हणून तेव्हा नाही, आणि पदावर आहेत तर ते जुनं म्हणून आता नाही. मग हा माणूस सापडायचा तरी कधी?"

बेकविथने घड्याळ पाहिलं.

डेलाच्या ताब्याची सुनावणी क्रीझीपुढेच आली. दुसरा जज द्या, म्हणून व्हर्नाच्या वकिलाने विनवलं. क्रीझीने नकारार्थी मान हलवली. मी मागच्या बाकावर होतो.

"या वयात मुलगी सांभाळायला जमेल तुम्हाला?" क्रीझीने विचारलं.

"हो," व्हर्ना म्हणाली.

"हो, काय?"

डेला आजीच्या निळ्या ड्रेसला धरून उभी होती. व्हर्नाने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"हो, जज साहेब."

क्रीझीने कानामागे हात धरला. "ऐकू नाही आलं."

"हो, जज साहेब," ती मोठ्याने म्हणाली.