पत्ता कोणी फोडला?

त्या बाईंचा पहिला जबाब मी स्वतः लिहून घेतला होता, आणि ते प्रकरण आजही माझ्या मनातून गेलेले नाही. निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. महामार्गावरच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून टपाल पाहत होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदार तिशीतल्या एका बाईंना आत घेऊन आला.

बाई शेतीमालाच्या एका मोठ्या कंपनीत प्रयोगशाळेचे काम करत. नवरा त्याच कंपनीच्या पशुखाद्य विक्री शाखेत, दुसऱ्या जिल्ह्यात. मारहाणीला कंटाळून त्यांनी घटस्फोट घेतला होता. तरी तो त्यांच्या कामाच्या जागी, ईट गावच्या पशुखाद्य केंद्रावर, येऊन उभा राहायचा. शेवटी त्यांनी कंपनीला विनंती करून पशुखाद्य विभाग सोडला आणि नळदुर्गजवळच्या बियाणे विभागात बदली घेतली. मोबाइल नंबरही बदलला. जुन्या ओळखीतल्या दोघांनाच ही जागा माहीत होती: बदली करणाऱ्या अधिकारी बाई आणि माकणीला शेती करणारा थोरला भाऊ.

"येऊन पंधरा दिवस झाले नाहीत साहेब," त्या म्हणाल्या, "आणि काल टेबलावरचा फोन वाजला. त्याचाच आवाज. 'वरच्या मजल्यावर बसतीस काय?' म्हणला."

"कुणावर संशय?"

त्या मग खाली बघत म्हणाल्या, "दादावर. नांदायला परत जा म्हणून तोच मागं लागला होता."

पाठलागाचा गुन्हा नोंदवला. कंपनीच्या फाटकाजवळ साध्या वेशातली महिला पोलीस नेमली. समोरच्या ढाबेवाल्याला त्या माणसाचा फोटो दाखवून माझा नंबर दिला. बदली करणाऱ्या अधिकारी बाईंचा जबाब झाला. त्यांच्याकडे काही निघाले नाही. मग भावाला बोलावले.

त्याला बाहेरच्या बाकावर दोन तास बसवून ठेवले. वाट पाहून माणूस सैल होतो, असा माझा अनुभव. आत आल्यावर मी थेट अरेतुरेवर आलो.

"म्या न्हाय सांगितलं साहेब," तो म्हणाला. "नांदायला जा म्हणलो व्हतो, व्हय. चुकलं माझं. पर तिच्या पाठीवरचे वळ बघितले त्या दिसापासनं त्याच्याशी एक शबूद बोललो न्हाय."

मी टेबलावर हात आपटला. "बहिणीच्या जिवाला काही झालं, तर पहिला आरोपी तुला करीन."

त्याने जबाबावर सही केली आणि समोर ठेवलेला चहा न घेता निघून गेला.

चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ढाबेवाल्याचा फोन आला. "साहेब, फोटोतला माणूस आलाय. चहा पिऊन कवाच झाला, तरी उठंना. फाटकाकडंच नजर हाय."

दहा मिनिटांत आम्ही त्याला ताब्यात घेतले. इस्त्रीचा शर्ट, हातात कंपनीचा फोन. चेहऱ्यावर भीती नव्हती. खोटे बोलणारा माणूस न विचारता खुलासे देत सुटतो. हा मात्र विचारले तेवढेच बोलत होता.

"ती इथं आहे हे तुला मेव्हण्यानं सांगितलं ना?"

तो हसला. "तो? तो माझा फोनबी उचलत न्हाय. आन् कुणी सांगायची गरजच काय साहेब? कंपनीच्या मेलमधी हाय की सगळं."

दोन पंचांसमोर त्याने फोन उघडला. नव्या मेलच्या पत्त्याच्या रकान्यात बाईंच्या नावाची पहिली तीन अक्षरे टाकली. खाली पूर्ण नाव आले. विभाग, नळदुर्गचे कार्यालय, मजला, टेबलावरच्या फोनचा नंबर. मी पंचनामा लिहायला सांगितला, पण माझ्या डोळ्यांसमोर तो न प्यायलेला चहा येत होता.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या मुख्य कार्यालयातून संगणक विभागाच्या एक तरुण बाई आल्या. त्यांनी सरळ शब्दांत समजावले. कंपनीचे पत्तापुस्तक एकच असते; कोणाला त्यातल्या कोणत्या याद्या दिसाव्यात, हे धोरण, म्हणजे नियम, करून ठरवावे लागते. पशुखाद्य आणि बियाणे या दोन्ही विभागांना एकमेकांची माणसे दिसू नयेत म्हणून तशी धोरणे केलेली होती.

"मग त्याला कसं दिसलं?"

"धोरण नुसतं तयार करून चालत नाही सर, ते प्रत्येकाच्या मेल खात्याला लावावं लागतं. पशुखाद्याच्या विक्री शाखेची खाती राहून गेली. ज्याला धोरणच लावलेलं नाही, त्याला अख्खी कंपनी दिसते."

"म्हणजे बंदोबस्ताचा आदेश निघाला, पण पॉइंटवर माणूसच गेला नाही."

"अगदी तसंच, सर."

त्यांनी ठाण्यात बसूनच राहिलेल्या खात्यांना धोरण लावले, बाईंचे नाव सर्वच याद्यांतून लपवले आणि काम झाल्याचे सांगितले. झाले म्हणणाऱ्यावर विसंबू नये, ही माझी जुनी सवय. मी विक्री शाखेतल्या एका माणसाला लॅपटॉप घेऊन बोलावले. नाव अजून दिसत होते! त्या बाई ओशाळल्या. यादीची एक प्रत लॅपटॉपवर उतरलेली असते आणि नवी उतरेपर्यंत जुनीच दिसत राहते, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा पाहिले, तेव्हा कुठे नाव गेलेले होते. आरोपीचा फोन आणि लॅपटॉप आम्ही जप्त केलेच होते. कंपनीने त्याचे खाते बंद केले आणि बाईंची पुन्हा बदली केली.

भावाला ठाण्यात बोलावणे मला जमले नाही. मीच माकणीला गेलो. तो कांद्याला पाणी देत होता. मी म्हणालो, "तुम्ही खरं बोलत होता. चूक माझी झाली."

"तिला सांगितलं का?"

"सांगितलं."

"मग झालं."

"त्यांची आता दुसरीकडं बदली झालीय, तिथं..."

त्याने हात वर केला. "नका सांगू साहेब. मला ठावं नसल्यालं बरं."

उभ्या नोकरीत मी 'कोणी सांगितले' हा प्रश्न किती जणांना विचारला असेल, याची गणती नाही. इथे कोणीच काही सांगितलेले नव्हते. दार उघडे होते आणि मी एका सज्जन माणसाला बाकावर बसवून ठेवले होते. त्यानंतरच्या प्रत्येक तपासात मी आधी उघडी दारे शोधली, माणसे मागाहून.

पुढे त्या बाई पुरवणी जबाबाला आल्या. सही झाल्यावर मी विचारले, "दादांना भेटलात?"

"भेटले. नवी जागा मीच सांगितली त्याला," त्या म्हणाल्या. "दोन्ही कानांवर हात ठेवून बसला होता. त्याचे हात काढून सांगितली."