सगळ्यात अवघड खेळ

काल संध्याकाळी मैदानाच्या कठड्यावर बसून आमचे हे आणि त्यांचे मित्र विनायकराव वाद घालत होते. ह्यांच्या मते सगळ्यात अवघड खेळ कबड्डी, विनायकरावांच्या मते पोहणं. मी मात्र समोर खो-खोचा सराव करणाऱ्या मुलींकडे बघत होते. ओळीत बसलेल्या एका मुलीला बराच वेळ खो मिळाला नव्हता. टाच उचललेली, बोटं मातीला टेकलेली, कान मागे. पळणारी अगदी समोरून गेली, तरी ती जागची हलली नाही.

अंगात सगळा वेग भरून असं बसून राहणं धावण्यापेक्षा कठीण असणार. मला माझी बहीण आठवली. शिकवायची हौस मनात धरून मुलं मोठी होईपर्यंत ती थांबली, आणि शाळेत लागल्यावर अशी सुटली की आता घरी सापडत नाही.

सराव संपल्यावर मी दोघांना म्हटलं, "तसं बसून तर दाखवा." विनायकराव वाकलेच नाहीत. हे बसले, पण मग उठता येईना. ती मुलगी मागून आली आणि पाठीवर हलकेच थाप मारून म्हणाली, "काका, खो."

हे हसत हसत मातीतच आडवे झाले.