पांढऱ्या डोळ्यांचा वंश

साऱ्या खानदेशात चिलटांना मुद्दाम घरात बोलावून, पिकलं केळं खाऊ घालून, वर त्यांची वंशावळ लिहून ठेवणारा गृहस्थ एकच झाला आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, नवरा मिळाला. दाजी जळगावच्या एका हायस्कुलात शास्त्र शिकवत. सावद्याकडून कुणी केळीचा घड पाठवला की लोक केळी बघत, दाजी त्यावरची चिलटं बघत. चांगली केळी कुस्करून बाटल्यांत जायची, उरलीसुरली तिघी पोरींच्या ताटात. जेवताना भिंग कपाळावर, बोलताना नजर आपल्या कानामागे उडणाऱ्या एखाद्या चिलटावर. मला नोकरी लागल्याची बातमी घेऊन मी धावत गेलो, तर म्हणाले, "अभिनंदन. हलू नका, तुमच्या खांद्यावर मादी आहे."

दवाखान्यातून ईथर आणून ते चिलटांना गुंगी देत आणि भिंगाखाली मांडत. नर-मादी ओळखण्यात मात्र अक्का त्यांच्या पुढे गेली होती. "काळ्या बुडाचा तो नर, टोकदार बुडाची ती मादी," असं पुटपुटत ती तांदूळ निवडावेत तशी चिलटं निवडायची. मादी कोशातून बाहेर पडली की काही तासांत तिला नरांपासून वेगळं काढावं लागे, नाहीतर लेकरं कुणाची याचा पत्ता लागत नसे. त्यासाठी दाजी पोट दुखल्याची सबब सांगून भर वर्गातून घरी येत. हेडमास्तरांनी एकदा काळजीनं काढा पाठवला, तो दाजींनी चिलटांना पाजून पाहिला.

त्या वर्षी आषाढात लाल डोळ्यांच्या शेकडो चिलटांत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर निघाला. दाजी इतके हरखले की त्यांनी गल्लीभर पेढे वाटले. पेढा तोंडात टाकून जो तो विचारू लागला, "मुलगा झाला वाटतं?" अक्काचा चेहरा उतरला. तिला तिन्ही मुलीच. दाजींचे वडील, म्हणजे आबा, धरणगावजवळच्या खेड्यात कपाशी पिकवत. त्यांनी वंशासाठी दाजींचं दुसरं लग्न लावायचं ठरवलं होतं आणि पिंपळनेरकडची मुलगीही हेरून ठेवली होती. चिलटांवर दोन-दोन तास बोलणारे दाजी आबांपुढे मात्र तोंडातून अक्षर काढत नसत. मला तेव्हा त्यांचा भयंकर राग यायचा.

पांढऱ्या डोळ्यांच्या नराला दाजींनी लाल डोळ्यांची मादी दिली. पुढं तो बिचारा मेला आणि त्याची पोरं निघाली ती झाडून सगळी लाल डोळ्यांची. तरी दाजी खूश. त्यांनी मुलगे एका बाटलीत घातले आणि मुली दुसरीत. इतक्यात श्रावण आला आणि कानबाई देवी बसवायला आबा जळगावला आले. कानबाई यायची म्हणजे घराचा कानाकोपरा सारवून-धुवून निघणार. दाजी शाळेत गेलेले. आबांनी नाकाला उपरणं लावलं आणि सगळ्या बाटल्या मोकळ्या करायला सांगितल्या. अक्कानं हात जोडले. पांढऱ्या डोळ्यांच्या नराची पोरं तेवढी राहू द्या, म्हणाली. आबा जरा विरघळले.

"एक बाटली ऱ्हाऊ दे. पोऱ्यासनी ठेव. वंश ते पोऱ्याच चालाडतस. पोरीसनं काय काम शे?"

 अक्का मुलींची बाटली घेऊन मागच्या दारी गेली आणि तिनं बाटलीच्या तोंडाचा कापसाचा बोळा काढला. मी शेजारीच होतो. बघता बघता बाटली रिकामी झाली.

दाजी घरी आले, उरलेल्या बाटलीवरची 'मुलगे' ही चिठ्ठी वाचली आणि उंबऱ्यावरच बसले. "पांढरा डोळा मुलींपाशी होता हो," एवढंच ते मला म्हणाले. मला काही उमजलं नाही, पण अक्काला उमजलं असावं. रविवारी कानबाई बसली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं विसर्जन झालं. देवीपुढच्या केळ्यांवर चिलटं घोंगावत होती. अक्कानं पेला उपडा घालून एकेक चिलट धरलं, माद्या निवडल्या आणि प्रत्येकीला औषधाच्या वेगळ्या बाटलीत ठेवलं. यातल्या आपल्या किती आणि बाहेरून आलेल्या किती, कोण सांगणार? पुढचे बारा दिवस दाजींना अन्न गोड लागलं नाही. आबाही मुक्काम ठोकून होते. पिंपळनेरचे पाहुणे पोळ्याला यायचे होते.

तेराव्या दिवशी अक्कानंच हाक मारली. एका बाटलीतल्या मादीच्या पोरांत निम्मे नर पांढऱ्या डोळ्यांचे! दाजींनी चक्क आबांचा हात धरून त्यांना भिंगापाशी आणलं. मग ताटात एक सरळ शेवई आणि एक वाकडी शेवई ठेवून ते समजावू लागले. पेशीत अशी सूत्रं असतात. डोळ्याचा रंग या सरळ सूत्रावर. बाप ते फक्त मुलीला देतो, मुलाला देतो ते हे वाकडं. मुलीचे स्वतःचे डोळे लाल, पण बापाचं सूत्र तिनं जपलेलं असतं आणि ते ती आपल्या मुलाला देते.

आबा बराच वेळ भिंगाला डोळा लावून होते. "म्हंजे आजाना डोया पोर लई उनी?"

"हो, आबा, आजोबाचा डोळा नातवाला मुलीनंच आणून दिला. मुलगे ठेवले त्या बाटलीत त्याच्या डोळ्याचं काहीच नव्हतं." आणि मग खाली न बघता दाजी म्हणाले, "मी दुसरं लग्न करणार नाही."

 आबांनी भिंग खाली ठेवलं, उपरण्यानं डोळे पुसले आणि अक्काकडे वळले. "मी चुकनू, बाई. त्या पाव्हनासले सांगी दिसू, आमना घर आते लगीन नही."

इतके दिवस कोरड्या डोळ्यांनी वावरलेली अक्का भिंतीला टेकून खाली बसली आणि हमसून हमसून रडली. माझ्याही छातीवरचा दगड उतरला. दाजी तिच्याजवळ जाऊन बसले. पांढरे नर किती, लाल किती, हे मोजायचं ते त्या दिवशी साफ विसरले.

पोरी मोठ्या झाल्या, आपापल्या घरी नांदल्या. दाजी गेले तेव्हा तिघी उशाशी होत्या, आणि वंशाचं काय, हे कुणीसुद्धा विचारलं नाही.