शोधलं तर भाऊच सापडतात

"चोर हाय तुजी पोर," भाऊ माझ्या आईला म्हणाले.

दापोड्याला भाऊंची गोडाऊनं, त्यातल्याच एकात त्यांचं ऑफिस. एसी चालू. भाऊ खुर्चीत, समोर रिसॉर्टवाल्या मॅडम, आणि आम्ही मायलेकी दाराशी उभ्या. आईच्या डोक्यावर गोधड्यांचं गाठोडं तसंच होतं. खाली ठेव म्हणायचं कुणाला सुचलंही नाही.

या मॅडमनी पडघ्याच्या बाजारात आईची गोधडी घेतली होती. नवीन रिसॉर्टच्या सगळ्या खोल्यांना असल्याच गोधड्या हव्यात म्हणाल्या. वाडीतल्या बायकांना वर्षभर पुरेल एवढं काम. फक्त आधी नेटवर बघते म्हणाल्या. बघितलं, तर सापडले भाऊ. म्हणून आम्हाला त्यांच्याच ऑफिसात बोलावलं. समोरासमोर होऊन जाऊ दे म्हणे.

भाऊंनी कॉम्प्युटर मॅडमकडे फिरवला. डावीकडे त्यांची वेबसाईट, उजवीकडे माझी. दोन्हीकडे तेच. "शेवटचा टाका घालण्याआधी आम्ही गोधडीच्या कोपऱ्यात तांदळाचे चार दाणे ठेवतो. गोधडी उपाशी पाठवत नाही." शब्दाला शब्द.

"आमची साईट कवाची हाय, हिची आता गणपतीनंतरची," भाऊ म्हणाले. "तुमीच सांगा, कुनी कुनाचं उचललं?"

मॅडमनी स्वतःच्या मोबाईलवर शोधलं. भिवंडी, हातशिवण, गोधडी. पहिलं नाव भाऊंचं. त्या बोटानं वर वर सरकवत राहिल्या. "तुझं तर कुठेच दिसत नाही गं," म्हणाल्या. रागावल्या असत्या तर चाललं असतं. कीव केली त्यांनी.

भाऊंच्या साईटवर वरतीच एक फोटो होता. सुई धरलेले दोन हात, उजव्या हाताची करंगळी वाकडी. ती करंगळी त्याच खोलीत होती. गाठोडं धरून वर उचललेल्या आईच्या हाताला.

"मॅडम, तो फोटो बघा आणि हे हात बघा," मी म्हणाले.

भाऊ हसले. "हाताचं काय घेऊन बसली? राबनाऱ्यांचे हात सगळे सारकेच."

मॅडमनी मान वर केली नाही.

आमची वाडी पडघ्याच्या पुढं, हायवे सोडून आत. आईबाप दुसऱ्याच्या शेतात राबले. शेतांवर गोडाऊनं उभी राहिली, मग तिथंच ओझी वाहू लागले. मालक तेच. आई भिवंडीहून कापडाच्या लूमवरच्या चिंध्या आणायची आणि रिकामा वेळ मिळेल तशी गोधड्या शिवायची. बारावी झाल्यावर मी भाऊंकडे पॅकिंगला लागले. कॉम्प्युटर क्लास केलेला, म्हणून त्यांनी टेबलावर बसवलं. "तू काय परकी हाय का गो? घरचीच तू," म्हणायचे. घरची! सगळ्यांना कपबशी, मला तेवढा कागदी कप. धुवायचा त्रास नको म्हणे. माझ्या एकटीच्याच कपाचा त्रास. मी गप्प बसले, कारण ते "घरची" मला गोड लागत होतं.

भाऊंना गोधड्या ऑनलाईन विकायच्या होत्या. वेबसाईट मी बनवली. लिहायला माझ्याकडे होतं काय? आई होती. तिचा टाका, तिचे तांदूळ, तिच्या हातांचा फोटो, सगळं त्यात ओतलं. वाटलं, चला, जन्मभर कुणी ढुंकून बघितलं नाही तिच्याकडे, आता बघतील. आणि एक दिवस साईट उघडते तर आईच्या हातांखाली वहिनींचं नाव. वहिनी म्हणजे भाऊंची बायको. "आजेसासूपासून आमच्या घराण्यात चालत आलेली कला." त्या बाईनं जन्मात सुईत दोरा ओवला असेल तर शप्पथ!

विचारायला गेले. भाऊ म्हणाले, "नाव कुनाचं का असंना, माल खपतोय ना? तुमच्या वाडीचं नाव टाकलं तर घेनार कोन?"

त्याच दिवशी काम सोडलं. वाडीतल्या बायकांना गोळा केलं आणि आमची साईट उभी केली. लिहिलेलं सगळं माझंच, म्हणून तेच पुन्हा टाकलं. आपल्याच घरातलं भांडं आपण उचललं तर ती चोरी होते का? मला वाटलं, नाही होत.

ऑफिसातून निघालो, रिक्षानं वडपं गाठलं. मग आईनं विचारलं, "तांदळाचं त्यांना कोनी सांगितलं?"

"मी," म्हणाले.

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि बाहेर बघत बसली. चोर म्हटल्यावर रडू आलं नव्हतं मला. तिथं आलं.

दुसऱ्या दिवशी भिवंडीत सलीमभाईंकडे गेले. त्यांचे लूम भंगारात गेले, तेव्हापासून ते लोकांच्या वेबसाईट बनवतात. त्यांनी माझी साईट बघितली आणि चुकचुकले. "बेटा, सर्च इंजिन तुझे जानता ही नहीं. वो दो बातें पूछता है. तू कब से है, और तेरी तरफ़ उँगली कौन दिखाता है?"

मग समजावून सांगितलं. भाऊंच्या साईटची लिंक किती जणांनी दिलेली. ट्रान्सपोर्टवाल्यांनी, गावच्या बातम्या देणाऱ्यांनी, भाऊंनी देणगी दिलेल्या शाळेनं. प्रत्येकानं भाऊंकडे बोट दाखवलेलं. माझ्याकडे बोट दाखवणारं कुणीच नाही. नव्या साईटला तसंही महिनोन् महिने मागे बसवतात, कारण रोज नव्या फसव्या साईट येतात. आणि सारखा मजकूर दोन ठिकाणी दिसला, की सहसा जुनीला खरं धरतात.

"मशीन के हिसाब से नक़ल तूने की है," सलीमभाई म्हणाले.

क्लासमधले सर सांगायचे, कॉम्प्युटर जात विचारत नाही. बाई गं, किती विश्वास ठेवला होता मी त्या वाक्यावर! नाहीच विचारत तो जात. तो विचारतो, तू कधीपासूनची? तुला ओळखतं कोण? हे तर मी रांगत होते तेव्हापासून ऐकतेय. पाण्याला गेलं तरी, लग्नाच्या मांडवात शिरलं तरी. "कुनाची गो तू?" आडनाव सांगितलं की समोरचा जरा मागे सरकायचा. फसव्या लोकांना अडवायचं, तर जरूर अडवा. पण मी खरी की खोटी हे भाऊंच्याच सोयऱ्यांना विचारणार? मग झालाच की न्याय!

संध्याकाळी भाऊंचा फोन आला. आवाजात साखर.

"राग गेला का? माज्या साईटवर तुजी लिंक टाकतो. वर येशील. मॅडमचं थोडं काम बी देतो तुमच्या बायांना. फकस्त पहिल्या पानावर लिव, भाऊंच्या मार्गदर्शनाखाली. आनि ते तांदळाचं काढून टाक. ते आमचं हाय."

फोन स्पीकरवर होता. आई, काकू, शेजारच्या बायका, सगळ्या ऐकत होत्या. त्यांना काम हवं होतं. खोटं कशाला बोलू, मलाही हवं होतं. एक ओळ तर लिहायची होती. मी आईकडे बघितलं.

आई म्हणाली, "आमी उपाशी निजलेलो हाव. म्हनून दाने घालतो. त्यांच्यात कोन उपाशी निजलंय?"

तांदूळ का घालतात, हे मला माहीतच नव्हतं. इतकं सजवून लिहिलं, पण आईला कधी विचारलंच नव्हतं.

"भाऊ," मी म्हणाले, "तुमचं बोट नको आम्हाला."

"मग बस अंधारात," भाऊ म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यांच्या टेबलावर बसून लिहिलेलं सगळं मी साईटवरून पुसलं. बायकांना बोलतं केलं आणि त्या बोलल्या तसंच लिहिलं, हाय-न्हाय सकट. आईचं उपाशी निजणं लिहिलं. तोवर मीसुद्धा साईटवर वाडीचं नाव टाकलेलं नव्हतं. भाऊंचं बोलणं डोक्यात घर करून होतं ना! आता वाडीचं नाव पहिल्या ओळीत आहे. प्रत्येक गोधडीखाली शिवणारीचं पूर्ण नाव, ज्यानं लोक मागे सरकतात त्या आडनावासकट.

मॅडमनी काम भाऊंना दिलं. आजही शोधलंत तर पहिले भाऊच सापडतील. आम्ही पार मागे, तिथवर कुणी बोट नेत नाही. पण पान रोज लिहितेय, आणि बाजारात गोधडी घेणाऱ्या प्रत्येकाला सांगतेय, आवडली तर तुमच्या पानावर आमचं नाव आणि लिंक घाला. वर्षं लागली तर लागू देत. भाऊंच्या मांडीवर बसून मला वर यायचं नाही.

फोटो मात्र अजून तिथंच आहे, वहिनींच्या नावाखाली. त्याची तक्रार सर्च इंजिनवाल्यांकडे टाकलीय, ती परत आली तर पुन्हा टाकीन. भाऊ, राबणाऱ्यांचे हात सारखे नसतात. ती वाकडी करंगळी माझ्या आईची आहे, आणि ती मी तुमच्या दारातून परत नेणार आहे.