चौथ्या ग्रीनवरचे डाग

काशिनाथची पिशवी क्लबच्या ऑफिसातल्या टेबलावर उलटी केलेली होती. रिकामा डबा, तंबाखूची पुडी, घामाने कडक झालेला टॉवेल आणि घडी घातलेल्या खताच्या काही रिकाम्या गोणी. टेबलापलीकडे कॅप्टन आणि सेक्रेटरी खुर्च्यांवर, अलीकडे काशिनाथ उभा. मी दारात आलो तरी त्याने मान वर केली नाही.

"देखो म्हात्रे," कॅप्टन म्हणाला, "खाद तुम्हारा आदमी घर ले जा रहा है, और ग्रीन हमारा मर रहा है."

माझं डोकं तिथेच फिरलं. पण आधी थोडं सांगतो, म्हणजे भांडण कशावरून होतं ते कळेल.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. भिवंडीभोवती शेतांच्या जागी गोदामं उभी राहत होती, आणि ज्यांच्या हातात पैसा आला त्यांना मोकळी हवा हवी होती. वज्रेश्वरीच्या बाजूला एका टाउनशिपवाल्याने नऊ होलचं गोल्फ कोर्स बांधलं. त्याच्या मेंटेनन्सचं कॉन्ट्रॅक्ट माझ्याकडे होतं. मी धामणकर नाक्यावर हातगाडीवर रोपं विकून सुरुवात केलेला माणूस. मग लूमवाल्या शेठांच्या बंगल्यांची लॉन केली, मग कारखान्यांची, मग हे. गोल्फ मी कधी खेळलो नाही. गवत मात्र मला कळतं.

ग्रीन म्हणजे होलभोवतीची हिरवळ. तिथलं गवत गालिच्याइतकं बारीक कापलेलं असतं, कारण चेंडू त्यावरून सरळ घरंगळायला हवा. रोज मोअर म्हणजे गवत कापायचं यंत्र फिरवायचं, रोज पाणी, ठरावीक खत. अशा ग्रीनवर चेंडू उंचावरून पडला की ओल्या जमिनीत बशीएवढा खड्डा होतो. त्याला पिच मार्क म्हणतात. ज्याच्या चेंडूने खड्डा पडला त्याने तो बुजवून मगच पुढे जायचं, हा त्या खेळातला रिवाज आहे. नियमांच्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच शिष्टाचार म्हणून तो छापलेला असतो.

मला तो वाचावा लागला नाही. आमच्याकडे लावणीच्या दिवसांत चालताना कुणाच्या पायाने बांध फुटला तर तो माणूस तिथेच वाकतो, दोन्ही हातांनी चिखल लावून बांध नीट करतो आणि मग पुढे जातो. शेत कुणाचंही असो. कुणी कुणाला हे शिकवत नाही.

त्या वर्षी मे महिन्यात चौथ्या ग्रीनवर तपकिरी डाग उठले. रुपयापेक्षा थोडे मोठे, शेकड्यांनी. देवी आलेल्या माणसाच्या तोंडासारखं ते ग्रीन दिसायला लागलं. जूनच्या आधी क्लबची मोठी टूर्नामेंट होती, बाहेरचे पाहुणे येणार होते. कॅप्टनने ठरवून टाकलं की खत पडत नाही. मग खत जातं कुठे? माझा हेडमाळी काशिनाथ गणेशपुरीकडच्या गावातला, त्याची स्वतःची थोडी भातशेती. गेटवरच्या वॉचमनला हुकूम गेला की त्याची पिशवी रोज तपासा. आणि एक दिवस गेटवरच पिशवी खाली ओतली, तेव्हा गोणी सापडल्या.

(कॅप्टन म्हणजे लष्करातला नव्हे. क्लबचे मेंबर दरवर्षी आपल्यातल्या एकाला कॅप्टन निवडतात, खेळ आणि शिस्त सांभाळायला. हा कारखानदार होता, परदेशात खेळून आलेला.)

"या गोणी रिकाम्या आहेत," मी म्हणालो.

"आज रिकाम्या आहेत," सेक्रेटरी म्हणाला. तो पगारी नोकर, पण कॅप्टनपेक्षा त्याचाच आवाज मोठा.

मी काशिनाथला विचारलं. तो हळूच म्हणाला, "खोळीला नेतो शेठ. घरात पाच मानसा हायेत. पाऊस तोंडावर आला."

आमच्या भागातल्या कुणालाही हे समजलं असतं. प्लास्टिकच्या गोणीचा एक कोपरा दुसऱ्यात घातला की डोक्यावरून पाठीपर्यंत टोपी होते. तीच खोळ. ती घेऊन बायका-माणसं दिवसभर पावसात लावणी करतात. रिकाम्या गोणी माणसांनी न्याव्यात असं मीच सांगितलेलं होतं. हे मी टेबलावर हात आपटून सांगितलं. कॅप्टन हसला. त्याच्या मते ही गोष्ट छान रचलेली होती.

काशिनाथला गेटच्या आत पाऊल ठेवायचं नाही, असा निकाल लागला. त्याने टेबलावरचं सामान एकेक करून पिशवीत भरलं. गोणी तिथेच ठेवल्या.

मी रागावलो की ओरडतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण सौदा करताना ओरडून चालत नाही, एवढं हातगाडीने शिकवलं होतं. मी खुर्ची ओढून कॅप्टनसमोर बसलो. म्हणालो, खताचा दोष निघाला तर अख्खं ग्रीन उकरून माझ्या खर्चाने नवं लावून देतो आणि कॉन्ट्रॅक्ट सोडून जातो. पण आधी शनिवारी सकाळी माझ्यासोबत चौथ्या ग्रीनशेजारी येऊन बसायचं. माझ्या बाजूने एवढं मोठं वजन पाहून तो लगेच हो म्हणाला.

शनिवारी मी, कॅप्टन आणि सेक्रेटरी झाडाखाली बसलो. चौथं होल छोटं आहे, म्हणजे फटका मारायच्या जागेपासून जवळ. सगळे पहिल्याच फटक्यात ग्रीनवर चेंडू टाकतात, म्हणून सगळ्यांत जास्त मार तिथेच. चेंडू वरून येऊन थप्प करून पडायचे. मेंबर यायचे, पॅन्टची इस्त्री सांभाळत उभे राहायचे, पट करायचे, म्हणजे चेंडू हळूच होलमध्ये ढकलायचे, आणि बोलत बोलत निघून जायचे. बरेच जण खड्ड्याकडे बघायचेसुद्धा नाहीत.  मी फक्त लाल रंगाचा ठिपका मारायचो, जिथे खड्डा तसाच सोडला तिथे.

काही जण मात्र वाकत होते. खिशातून टी काढायचे. टी म्हणजे चेंडू ठेवायची लाकडी खुंटी. ती खड्ड्यात तिरकी खुपसून तळ वर उचकटायचे, बुटाने थोपटायचे आणि आमच्याकडे बघायचे. तिथे मी पिवळा ठिपका मारला.

कॅप्टनला तो रंग आवडला नसावा. म्हणाला, बघितलंस, माझे मेंबर दुरुस्ती करतात. मीच शिकवलंय. लॉकर रूममध्ये चित्रासकट नोटीस लावली आहे. आणि उठून त्याने स्वतः एक खड्डा उचकटून दाखवला.

 लॉकर रूममध्ये कॉन्ट्रॅक्टरला प्रवेश नाही. ती नोटीस मी कधी पाहिलीच नव्हती.

पिच मार्कमध्ये गवत मेलेलं नसतं, फक्त दबून बाजूला सरकलेलं असतं. दोन दातांचा छोटा काटा खड्ड्याच्या बाहेरून खुपसायचा आणि कडेचं गवत चारही बाजूंनी मध्ये ढकलायचं. मग वरून दाबायचं. खालून उचकटलं की मुळं तुटतात. वरून सपाट दिसतं, पण चार दिवसांत ते गवत वाळतं. मी उरलेले काही खड्डे असे काट्याने बुजवले आणि तिथे पांढरा ठिपका मारला. कॅप्टनला म्हणालो, पुढच्या शनिवारपर्यंत खत, पाणी, मोअर सगळं सारखं राहील. तुमचा वॉचमन इथे उभा करा. मोअर फिरला की ठिपका त्याच्यादेखत पुन्हा मारू.

पुढच्या शनिवारी पांढऱ्या ठिपक्यांजवळ काही शोधूनही सापडेना. लाल ठिपक्यांजवळ फिकट खड्डे होते. आणि पिवळ्याजवळ तपकिरी, गोल, मेलेले डाग. कॅप्टनने स्वतः उचकटलेला सगळ्यांत मोठा होता.

सेक्रेटरी त्या डागाकडे न बघता झाडांकडे बघत होता. कॅप्टनने बुटाच्या टोकाने डाग चाचपला आणि म्हणाला, "ठीक है, मॅटर क्लोज्ड. नोटीस निकाल देंगे. तुम अपना काम चालू रखो."

"माझं काम चालूच आहे," मी म्हणालो. "काशिनाथचं काय?"

त्याने काशिनाथला परत बोलवायला परवानगी दिली. परवानगी! ज्याच्या चुकीने ग्रीन मेलं तो मोठ्या मनाने परवानगी देत होता. मी म्हणालो, ज्या तोंडाने चोर म्हणालात त्याच तोंडाने नाही म्हणा. त्यावर त्याने वेगळाच माल पुढे केला. माझं कॉन्ट्रॅक्ट टेंडरशिवाय वाढवून देतो, हा विषय काढू नकोस. खोटं कशाला बोलू, मी क्षणभर थांबलो. त्या कॉन्ट्रॅक्टवर माझी बरीच माणसं जगत होती. मग मी म्हणालो, दोन्ही द्या. तो म्हणाला, एकच मिळेल.

मी मोटरसायकल काढून काशिनाथच्या गावी गेलो. तो अंगणात नांगराचा फाळ घासत होता. मी सगळं सांगितलं. डाग कशाचे होते ते ऐकून त्याला आनंद वगैरे झाला नाही.

"शेठ, माना ऑफिसात काय नको," तो म्हणाला. "गेटवं सगल्यांसमोर पिशवी ओतली माझी. तवा गावातली मानसा व्हती तिथं. सायबानी तिथंच येऊन बोलावं. न्हायतर मी बरा हाय इथं."

मी हा निरोप पोहोचवला. कॅप्टन म्हणाला, गेटवर शक्य नाही, मेंबरांच्या गाड्या जातात. मग माझ्याकडेही एकच माल उरला. मी सगळे मोअर शेडमध्ये लावले आणि किल्ल्या खिशात घातल्या. मोअर माझे होते. टूर्नामेंट तोंडावर, आणि ग्रीनवरचं गवत उन्हापाण्याने रोज वर येत होतं. सेक्रेटरी वकिलाची भाषा करू लागला. मी म्हणालो, जरूर करा, कोर्टाची तारीख येईपर्यंत इथे बकऱ्या चारता येतील.

टूर्नामेंटच्या आदल्या सकाळी कॅप्टनची गाडी गेटवर थांबली. काशिनाथला मी आणून उभा केला होता. काच खाली झाली.

"काशिनाथ, गलतफहमी हो गयी थी. चलो, काम पे लग जाओ."

काशिनाथ जागचा हलला नाही. "सायेब," तो म्हणाला, "माझी पिशवी खाली ओतली व्हती. तुमी बी खाली या."

मागे दोन गाड्या येऊन उभ्या राहिल्या. एकाने हॉर्न वाजवला. कॅप्टनने माझ्याकडे पाहिलं. मी खिशातल्या किल्ल्या वाजवल्या. तो उतरला. वॉचमन, मेंबरांच्या बॅगा उचलणारे कॅडी, गावातल्या बायका, सगळ्यांसमोर म्हणाला की याने काही नेलेलं नाही, चूक माझी होती. मराठीत म्हणाला. त्याला मराठी येतं हे मला त्या दिवशी कळलं.

काशिनाथ "बरं" म्हणाला आणि थेट मोअरकडे गेला. संध्याकाळपर्यंत सगळी ग्रीन कापून झाली. टूर्नामेंट व्यवस्थित पार पडली.

वर्ष संपल्यावर टेंडर निघालं आणि काम दुसऱ्याला गेलं. कारण दिलं, वर्तणूक. माझी! शेकडो खड्डे पाडून निघून जाणाऱ्यांच्या क्लबमध्ये माझी वर्तणूक नडली. आजही त्या रस्त्याने गेलो की मी गाडीतल्या गाडीत शिव्या देतो.

काशिनाथ माझ्याकडेच राहिला. त्यानंतर मी जितकी कॉन्ट्रॅक्ट केली त्या सगळ्यांत एक कलम घालतो. माझ्या माणसाची पिशवी तपासायची असेल तर माझ्यासमोर, आणि त्या दिवशी गेटमधून जाणाऱ्या प्रत्येक गाडीची डिकीही उघडायची. बहुतेक साहेबलोक वाचून हसतात आणि ते कलम खोडायला सांगतात. दरात मी थोडा खाली येतो. या कलमात येत नाही.