गाडी उन्हात काढली की

गाड्यांवरचे ओरखडे घालवायच्या धंद्यात किस्से शोधायला जावं लागत नाही, ते गाडीत बसूनच येतात. ओरखडा दाखवताना माणूस आधी आपली बाजू मांडतो. "मी नाही हो केलं," हे सगळ्यांचं पहिलं वाक्य! मग शेजारी निघतो, मेव्हणा निघतो, शाळा सुटल्यावरची पोरं निघतात. इतकं ऐकून घेतल्यावर मशीन लावायला उशीर होणारच. इतकी वर्षं ऐकतोय, त्यातलं थोडं सांगतो.

आमचं दुकान चिखलीत, खामगाव रोडला. वर टिनाचं शेड, पुढे मोकळी जागा, समोर शकीलभाईचा चहाचा ठेला. दुकानात माणसं दोनच. एक शेषराव मिस्त्री, वय साठीच्या पुढे, आणि एक मी, गौतम. लोकांनी वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलेल्या गाड्या आमच्याकडे येतात. सावलीत बऱ्या दिसतात. उन्हात काढल्या की बोनटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे उठून दिसतात. ते मशीनने घासून काढायचे, एवढंच आमचं काम.

कामाची वाटणी पहिल्या दिवसापासून ठरलेली. बोनट आणि छत मिस्त्रीचं, दरवाजे माझे. बोनटला मी हात लावायचा नाही!

०

मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. एका दरवाजावरचा ओरखडा निघाला, तर मी आनंदाने ओरडलो, "मिस्त्री, काढला!"

मिस्त्री म्हणाले, "काढला नाई बे. ओरखडा म्हंजे खड्डा. तू त्याच्या भवतालचा रंग घासून त्याच्या बरोबरीले आणला. गाडीचा रंग तेवढा कमी झाला. अन् गेलेला रंग वापस येत नाई."

मी म्हटलं, "मग आपण करतो काय?"

"कमीत कमी घासतो. त्याचीच मजुरी हाय."

त्याच दिवशी त्यांना कळलं की मी डावखुरा आहे. मशीन फिरताना रंगावर एक पुसट माग सोडते, शेपटीसारखा. नीट शेवटचा हात मारला तर तो जातो, घाई केली तर राहतो. गिऱ्हाइकाला दिसत नाही, मिस्त्रीला दिसतो. त्यांनी गाडी उन्हात काढली, एक फेरी मारली आणि म्हणाले, "हा दरवाजा तुह्या हातचा. सगळ्या दुनियेची शेपटी इकडं वळते, तुही तिकडं!"

तेव्हापासून मी शेवटचा हात जरा जास्तच मारू लागलो.

०

सुलतानपूरचे एक रिटायर गुरुजी आले होते. पांढरी गाडी, बारा वर्षं जुनी, आणि सगळी जाळ्यांनी भरलेली. गुरुजी दुखावलेले. "मिस्त्री, मी हिला रोज सकाळी पुसतो. एक दिवस खाडा नाही!"

"कशानं पुसता?"

"जुन्या बनियनने. स्वच्छ असतं."

"पाणी मारता आधी?"

"पाणी कशाला? धूळ तर असते नुसती."

गुरुजींना लागेल असं बोलायचं मिस्त्रींच्या जिवावर आलं होतं. शेवटी म्हणाले, "गुरुजी, धूळ बसल्यानं गाडी खराब होत नाई. कोरडी पुसल्यानं होते. हे जाळं तुमच्याच हातचं हाय."

गुरुजींचा चेहरा उतरला. रोज उठून ज्या गाडीची सेवा केली तिला आपणच ओरबाडलं, हे ऐकायला सोपं नव्हतं. तेवढ्यात मागच्या सीटवरून गुरुजींच्या बाईंचा आवाज आला, "मी तीस वर्षं झाले सांगून राह्यली यायले, सगळ्याच गोष्टीले हात लावू नका म्हनून!"

गुरुजी गाडी घेऊन गेले. पुढच्या वेळी आले तेव्हा गाडीवर बोटभर धूळ होती आणि गुरुजी अभिमानाने म्हणाले, "बघा, हात लावला नाही!"

०

वडनेर भोलजीचे एक शेतकरी आले ते थेट भांडणासकटच. बोनटच्या पुढच्या भागावर हातभर रुंद पट्टा, बारीक खरखरीत ओरखड्यांचा. "शेजाऱ्यानं घासणी मारली! नवी गाडी त्याले पाहवली नाई. तीन महिने झाले, बोलचाल बंद हाय. तुम्ही फक्त लिहून द्या, घासणीचं काम हाय म्हनून."

मिस्त्री वाकले. पट्ट्यावरून नजर फिरवली, मग बोनटची उंची बघितली. "घरी गाय हाय काय?"

"हाव, हाय ना."

"लाडाची?"

"लेकरावानी! मोकळीच असते अंगणात."

"मंग तिलेच इचारा. ढोरं मिठासाठी गाडी चाटतात. गायीची जीभ हाय ही, घासणी नाई."

चहा आला, गार झाला. मग तो गडी हळूच म्हणाला, "आता शेजाऱ्याले काय सांगू?"

"सांगू नका काही. गाडी न्यायले येताना त्याले संग आना."

आणि खरंच आणला! शेजारी चकचकीत बोनटकडे बघत म्हणाला, "आता गायीवर केस करता काय, भाऊ?" दोघंही हसत हसत गाडीत बसले. त्या दिवशी मिस्त्रीच्या नजरेचा मला फार अभिमान वाटला. मी शकीलभाईला म्हटलंही, असा डोळा जिल्ह्यात नाही.

०

त्यानंतर सहा-सात महिन्यांनी अमडापूरच्या वंदनाताईंची गाडी आली. ताई नर्स आहेत, गाडी काळी. काळ्या रंगावर काहीच लपत नाही. मी दरवाजे केले, मिस्त्रींनी बोनट केलं आणि कपडा खांद्यावर टाकत म्हणाले, "काढ बाहेर. आरसा झाला!"

मी गाडी उन्हात काढली. बोनटच्या अर्ध्या भागावर जाळं जसंच्या तसं होतं.

मला आधी वाटलं, मिस्त्री माझी परीक्षा घेतायत. मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्या शेजारी उभे होते, डोळे बारीक करून त्याच बोनटकडे बघत होते आणि समाधानाने हसत होते.

हे जाळं हाताला लागत नाही. ते फक्त उन्हात डोळ्यांना दिसतं. आणि मिस्त्रींचं एक वाक्य मी शंभर वेळा ऐकलेलं होतं: "ज्या दिवशी मले उन्हातलं जाळं दिसनार नाई, त्या दिवशी मशीन खाली ठेवीन. फुकट नाव खराब करनार नाई." ते बोलले तसं वागणारे आहेत. मी खरं सांगितलं असतं तर त्याच दुपारी मिस्त्री घरी बसले असते. चाळीस वर्षं मशीन धरलेला माणूस घरी बसून काय करणार, हे मला डोळ्यांसमोर दिसलं.

"काय बे, कशी हाय?"

मी म्हटलं, "आरसा, मिस्त्री."

एक वाजता ते जेवायला घरी गेले. घर मागच्या गल्लीत, ते रोज दोन वाजता परत येतात. मी मशीन उचललं आणि आयुष्यात पहिल्यांदा बोनटला हात लावला.

०

मग तो रोजचाच कार्यक्रम झाला. मिस्त्री जेवायला गेले की मी बोनट उन्हात बघायचो, राहिलेलं जाळं काढायचो आणि दोनच्या आत मशीन जागेवर ठेवायचो. तासाभरात शेवटचा हात नीट मारणं होत नव्हतं. जमेल तेवढं करायचो.

दोननंतर पुढची गाडी, म्हणून डबा चार वाजता उघडायचो. भाकरी तोवर कडक व्हायची, अर्धी परत जायची. बायकोने आठवडाभर बघितलं आणि विचारलं, "माह्या हातची भाकरी आवडेना झाली काय?" तिला काय सांगणार! म्हटलं, भूकच नसते. तर तिने दुसऱ्या दिवशी डब्यात ओव्याची पुडी ठेवली!

शकीलभाई समोरून सगळं बघत होता. एकदा चहा घेऊन आला आणि म्हणाला, "गौतमभाऊ, एकच गाडी दोन बार काऊन घासून राह्यले?"

"मशीनचं पॅड गरम झालं होतं सकाळी."

"रोज होते काय गरम?" त्याने ग्लास ठेवला आणि आवाज खाली आणला. "मिस्त्रीले मी वापस येताना चहाले थांबवत जाईन. पंधरा मिनटं जास्ती भेटतील तुले."

तेव्हापासून मिस्त्री सव्वादोनला येऊ लागले. शकीलभाई त्यांना रोज नवीन काहीतरी विचारायचा. एकदा तर त्याने स्वतःच्या सायकलला पॉलिश कसं करायचं हे तीन दिवस विचारलं!

०

पुढचं सांगायला मला आवडत नाही, पण ते सोडून बाकीचं सांगणं बरोबर नाही.

एक लाल गाडी होती, जुनी, आधीच दोनदा कुठेतरी घासून आणलेली. रंग पातळ झाला होता. अशा गाडीच्या कडांना जपावं लागतं, कारण कडेवर रंग आणखी पातळ असतो. मिस्त्रींनी सकाळी बोनट घासलं होतं. दुपारी मी पुन्हा घासलं, घाईत, आणि कडेचा रंग उडाला. खालचा पांढरट थर वर आला, बोटभर. मिस्त्री यायची वेळ झाली होती, मी कपडा टाकला आणि जेवतोय असं दाखवायला डबा उघडून बसलो.

तो पांढरा डाग मिस्त्रींनाही दिसला. तेवढं त्यांना दिसत होतं. संध्याकाळी गाडीवाला आला, तेव्हा माझ्याआधी तेच पुढे झाले. "दादा, माह्या हातानं झालं. कडेले मशीन जास्ती लागली. बोनट मी नवं रंगवून देतो, तुमचा एक पैसा नको."

बोनट मिस्त्रीचंच असतं, मग चूकही त्यांचीच असणार. त्यांना शंकासुद्धा आली नाही.

मी तिथेच उभा होतो. तोंड उघडलं असतं तर सगळंच उघडं पडलं असतं, म्हणून मी गप्प राहिलो. खरं सांगू? त्यातली अर्धी काळजी त्यांच्यासाठी होती, अर्धी भीती माझी होती. गाडीवाला गेल्यावर मिस्त्री शेडच्या खांबाला टेकून बसले. चहा घेतला नाही. बराच वेळ स्वतःचे हात उलटसुलट करून बघत होते.

मला राहवलं नाही. म्हटलं, "मिस्त्री, हाताचं काही नाही. डोळे दाखवू एकदा."

"डोळ्याले काय झालं?"

"मला काय माहीत? डॉक्टर सांगतील ना."

नाही म्हणतील असं वाटलं होतं. पण ते हळूच म्हणाले, "चाल."

०

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. एकेक करून ऑपरेशन करू, नवी भिंगं बसवू, काळजी करू नका. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "डॉक्टरसाहेब, एक सांगा. तुम्ही तो मोतीबिंदू काढता, का त्याच्या भवतालचं घासून कमी करता?"

डॉक्टर माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, "सर, काढतोच असं सांगा."

"काढतोच की पूर्ण," डॉक्टर म्हणाले.

"मंग करा," मिस्त्री म्हणाले.

०

दोन्ही डोळे होईपर्यंत अडीच महिने गेले. तोवर बोनट आणि छत मीच करत होतो, सावकाश, चोरी न करता. मिस्त्री नसताना दुकान फार मोठं वाटायचं.

मग एक दिवस, काळा चष्मा खिशात घालून, ते चालत आले. न कळवता! आणि नेमकी त्याच दिवशी वंदनाताईंची काळी गाडी धुवायला आलेली होती. मी नुकतीच पुसून बाहेर उन्हात लावली होती. मला ती सावलीत घ्यायची होती, पण मिस्त्री आधी तिच्याजवळ पोचले.

त्यांनी एक फेरी मारली, पूर्वी मारायचे तशी. दरवाजे बघितले. मग बोनटपुढे उभे राहिले. समोर शकीलभाईने गाळणी तशीच हातात धरून ठेवली होती.

मिस्त्रींनी बोट पुढे केलं आणि बोनटच्या वर, रंगाला न लावता, हवेतच एक शेपटी काढली. जिकडे सगळ्या दुनियेची वळते तिकडे नाही. दुसरीकडे. मग तिच्या बाजूची, मग तिसरी. सगळ्या बोनटवर त्यांचं बोट फिरून आलं.

मला बोलायलाच हवं होतं. "मिस्त्री, ती लाल गाडी होती ना..."

त्यांनी मान वर केली नाही. "किती वाजले बे?"

"एक."

"जेवला?"

"नाही."

"काऊन?"

त्यांनी माझ्या खांद्यावरचा कपडा काढून आपल्या खांद्यावर टाकला.

"बस, जेवून घे. मी हाय इथं."

मी खांबाजवळ बसलो आणि डबा उघडला. भाकरी अजून मऊ होती.